तणमोराची दोरी

१२ ऑगस्ट १९४६, सोमवार

निपाणीच्या मोटारीतून उतरलो आणि चार मैल चिखल तुडवत दोड्डमाळाच्या गावात पोचलो. चावडीतली एक खोली मिळाली आहे. खिडकीला फळी नाही, दाराला कुलूप मात्र भक्कम. चोरण्यासारखं आत काहीच नसताना एवढं कुलूप कशाला, हे खात्यालाच ठाऊक.

सोळा वर्षं शेतकी खात्यात हंगामी कामदार म्हणून काढली. दर पावसाळ्यात नेमणूक, दर उन्हाळ्यात नारळ. शहापुरात वडिलांच्या मागावर बसलो असतो तर निदान पाय कोरडे राहिले असते. पण या खेपेला बेळगावच्या साहेबांनी शब्द दिला आहे. काम नीट पार पडलं तर हा अंबाजी कायम होणार.

काम असं. इथल्या सरकारी कुरणात बिनपंखी नाकतोडे निपजतात आणि भाद्रपदात खाली जोंधळ्यात उतरतात. यंदा मुंबईच्या एका कंपनीचं विमान कुरणावर डीडीटीची भुकटी उधळणार आहे. मी आधी नाकतोडे मोजायचे, विमानाला रस्ता दाखवायला निशाणं धरून माणसं उभी करायची, नंतर पुन्हा मोजायचं. दहाव्या दिवशी दाखला लिहून द्यायचा, की गुराढोरांस व पशुपक्ष्यांस अपाय नाही. दाखल्यावर माझी सही चालेल. आजवर माझी सही फक्त पगाराच्या पावतीवर चालत होती.

संध्याकाळी आण्णाप्पा नावाचे शेतकरी दूध घेऊन आले. त्यांचं शेत कुरणाला लागून आहे.

"दोन सालं झाली कामदार, जोंधळा आमी पेरायचा आन् ह्येंनी खायचा. यंदा रेशनवर बी दाणा न्हाय. इमान येनार न्हवं नक्की?"

येणार म्हटलं. त्यांनी हात जोडले. मला कोणी हात जोडले की उगाच ओशाळल्यासारखं होतं.

१४ ऑगस्ट

मोजणी सुरू. सहा फुटांचा दोरीचा चौकोन टाकायचा, आतले नाकतोडे कापडी पिशवीत धरायचे आणि मोजून झालेल्या प्रत्येकाची एक मागची तंगडी चिमटीनं तोडायची. म्हणजे तोच पुन्हा हाती लागला तर ओळखू येतो. खात्याच्या पुस्तकात ही युक्ती नाही, माझी आहे. वडील मोजलेल्या लडीला गाठ मारून बाजूला ठेवत, त्यावरून सुचली.

कुरणाचा रखवालदार तम्मण्णा दिवसभर बांधावर बसून हे बघत होता. साठीचा असेल, अंगावर घोंगडं, बोलणं अर्धं कानडी. कुरणाच्या कडेलाच त्याची झोपडी आहे, तिथं तो आणि बायको बायाक्का राहतात. शेवटी त्याला राहवेना.

"नाकतोडं मोजून काय मिळतंय वो? मोजायचं तर त्येला मोजा की."

बोट केलं तिकडं बघितलं. गवतातून एक काळं पाखरू माणसाच्या उंचीइतकं सरळ वर उडालं, बेडकासारखं टरटरलं आणि पाय पोटाशी घेऊन पुन्हा गवतात पडलं. थोड्या वेळानं परत तेच. कोंबडीएवढं, पाठीला पांढरा पट्टा, कानामागं तुऱ्याच्या बारीक काड्या. तणमोर. मी इतकी वर्षं कुरणांतून हिंडतो, पण मान खाली घालून हिंडणाऱ्याला वरचं काय दिसणार?

तम्मण्णानं कमरेची अंबाडीची दोरी दाखवली. वीस उड्या झाल्या की एक गाठ. दिवस संपला की चार बोटं जागा मोकळी. कालच्या दिवसाच्या चौदा गाठी होत्या.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"कशासाटी म्हंजे? कुनीतरी मोजाय नको?"

१९ ऑगस्ट

तम्मण्णानं आज मला हाताला धरून नैऋत्येच्या कोपऱ्यात नेलं. बोरीच्या झुडपापाशी बसवलं आणि गप म्हणाला. डोळे फाडून बघितलं तेव्हा कुठं दिसली. गवताच्याच रंगाची मादी, अंड्यांवर बसलेली. तीन अंडी आहेत म्हणे.

मागं या माळावर पाच-सहा जोड्या असायच्या. छावणीतले गोरे शिकारीला येऊ लागले, नंतर गावातलीच माणसं फासे लावू लागली. आता हा एक नर आणि ही एक मादी. ही पिल्लं जगली तर तणमोर राहील, नाहीतर दोरी ठेवून द्यायची, असं तो म्हणाला.

मग हळूच, "इमानाला ह्यो एवडा कोपरा सोडाय सांगा की. पाया पडतो तुमच्या."

विमान काय बैल आहे, चल म्हटलं की चालायला आणि हो हो म्हटलं की थांबायला? तसं त्याला सांगितलं. खोलीवर आल्यावर माझंच मला बरं वाटेना.

२४ ऑगस्ट

साहेब येऊन गेले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते आज मोटारीत बसलेलं बघितलं. चिखलात पाय न ठेवता सगळं कुरण त्यांनी तपासलं.

कोपऱ्याची गोष्ट काढली. साहेब हसले. "अंबाजी, माणसांच्या तोंडात दाणा जाण्याची पंचाईत आहे आणि तुम्ही मला पाखरांची अंडी सांगता?" यात खोटं काहीच नाही.

मात्र निशाणं कुठं उभी करायची ते माझ्याकडं आहे. निशाणापलीकडं भुकटी पडत नाही. एवढंच लिहितो.

२८ ऑगस्ट, बुधवार

झालं एकदाचं.

सकाळी सातला विमान आलं. अकरा माणसं बांबूला जुन्या धोतराचे तुकडे बांधून उभी केली होती. नैऋत्येची रांग मी दोनशे पावलं आत घेतली आणि तिथं स्वतः उभा राहिलो. दुसऱ्या कुणावर बालंट नको. विमान इतकं खाली आलं की मी निशाण टाकून पालथाच पडलो. मागून पांढरा ढग उतरला. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखे सगळे पांढरे झालो. गावची पोरंबाळं, बायाबापड्या बांधावर टाळ्या वाजवत होत्या. आण्णाप्पांनी तर विमानाला नारळ फोडला.

कोपरा कोरडा राहिला. बोट फिरवून बघितलं, एका पात्यावर भुकटी नाही. तम्मण्णानं माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. सोळा वर्षांत मनासारखं काम एक झालं, तेही साहेबांच्या नकळत.

ओठ जरा बधिर वाटताहेत. दोन वेळा चूळ भरली.

२९ ऑगस्ट

नाकतोडे पटापट पडताहेत. मरत नाहीत लगेच, कुशीवर पडून तंगड्या झाडत राहतात. परवाच्या चौकोनात एकशे दहा होते, आज त्याच चौकोनात उभे फक्त नऊ. जोंधळा वाचला हे नक्की. आण्णाप्पा बांधावर उभे राहून रडले. मला कौतुक वाटायला हवं होतं, पण झोप येत होती.

३० ऑगस्ट, गणेशचतुर्थी

शहापूरला जायला मिळालं नाही. बायकोनं, रुक्मानं, एकटीनंच गणपती बसवला असेल.

दुपारी तम्मण्णा धापा टाकत आला. अंडी फुटली! तिन्ही. आम्ही दोघं पालथे पडून तासभर बघत होतो. पिवळसर, ठिपक्याठिपक्यांची पिल्लं, आईच्या पोटाखालून एक डोकं बाहेर आलं की दुसरं आत. बायाक्कानं दोघांना मोदक दिले. तम्मण्णानं दोरीला आज बारा गाठी मारल्या आणि तिन्ही पिल्लांसाठी एक रंगीत चिंधी बांधली. मला माझी थोरली झाली तो दिवस आठवला. खरंच आनंद झाला.

१ सप्टेंबर

नवी चिंता. पिल्लांना नाकतोडेच लागतात म्हणे, दुसरं काही चालत नाही. कोपरा केवढासा, तिथले नाकतोडे दोन दिवसांत संपत आले, आणि बाकीचा माळ तर आम्हीच झाडून काढला.

"सगळं ताट पुसून घेतलं आनि पोरास्नी जेवाय बसवलं, असं झालं बगा," तम्मण्णा म्हणाला.

त्यावर मला युक्ती सुचली. मोजणीनंतर डबाभर नाकतोडे माझ्याकडं रोज उरतात. ते फेकूनच द्यायचे असतात. डबा त्याच्या हाती दिला. त्यानं बोरीखाली मूठमूठ पसरले, शिगी म्हणजे कोजागिरी पौर्णिमेला शेतात नैवेद्याचे घास, चरग, टाकतात तसे, थोडे इकडं, थोडे तिकडं. तंगड्या झाडताहेत तेच चांगलं, मादीला हलणारं भक्ष्य लगेच दिसतं. आम्ही मागं सरलो आणि ती आली. एक उचलला, पिल्लापुढं टाकला. पिल्लानं गिळला.

टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हे.

४ सप्टेंबर

रोज डबा नेतो. मादी आता आम्हाला भीत नाही, वीस पावलांवर आलं तरी हलत नाही. तम्मण्णा म्हणतो, ओळख पटली. नरही खायला येतो. आज दहा गाठी.

हात थोडा थरथरतो, अक्षर बघून रुक्मा हसेल. बायाक्काचा चहा फार कडक.

६ सप्टेंबर

दहावा दिवस. गुरं कुरणात नव्हतीच, कारण दसऱ्याला गवत कापेपर्यंत चराई बंद. गावातल्या म्हशी ठणठणीत. तणमोराची पिल्लं बघून आलो, जिवंत. उलट पाखरं आता खायला जवळ येतात. दाखला लिहिला, "पशुपक्ष्यांस अपाय दिसून आला नाही", आणि सही केली. खोटं एक अक्षर नाही. सकाळच्या टपालानं गेलासुद्धा.

९ सप्टेंबर

चार गाठी.

तम्मण्णा म्हणतो नर उडतो आणि वाकडा पडतो. मी म्हटलं, हंगाम संपत आला असेल. "न्हाय वो. दर साली गौरी गेल्यावर बी पंदरा दिस उडतंय." मग म्हटलं, म्हातारा झाला असेल. कमी खातोय म्हणून आज डब्यात जास्त घातले.

१० सप्टेंबर

एकही गाठ नाही. नर बोरीच्या पलीकडं गवतात बसलेला दिसला. मान एकसारखी हलत होती, नको नको म्हणावं तशी. तम्मण्णानं उचलला तर त्यानं चोचही मारली नाही. त्याच्या मांडीवर मेला.

पिल्लं दोनच दिसली.

११ सप्टेंबर

लिहवत नाही, तरी लिहितो.

पहाटे मादी मेलेली सापडली, पंखाखाली दोन्ही पिल्लं तशीच. तिसऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. कोपऱ्यात भुकटीचा कण नाही, मी पुन्हा पुन्हा पाती पुसून बघितली. मला वाटलं साप, तम्मण्णाला वाटलं कुणीतरी विषाचे दाणे टाकले. तो शिव्या देत झोपडीत गेला, विळा आणला आणि मादीचं पोट फाडलं. काय खाल्लं ते बघूनच गावात जातो म्हणाला.

आत नाकतोडे होते. नुसते नाकतोडे. त्यानं ते एकेक करून तळहातावर मांडले आणि माझ्यापुढं हात धरला.

"ह्येंची मागची एकच तंगडी हाय, कामदार."

सगळे एका तंगडीचे. माझी खूण.

तम्मण्णा जे म्हणाला ते माझ्यावर ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो स्वतःचाच हात बघत म्हणाला, "म्या पसरलं. माज्या हातानं."

डबा मी दिला होता. पाती पुसून बघितली, तेव्हा डबा का पुसून बघितला नाही? नाकतोडे किती मेले आणि कशानं मेले, हे बघण्यासाठीच तर मला पाठवलं होतं.

२० सप्टेंबर, शहापूर

सुट्टी घेऊन घरी. रुक्मानं काही विचारलं नाही. फक्त एकदा, "अवं, हात असा का हलतोय?" म्हटलं, थकवा. वैद्यांनी काढा दिला आहे. वडिलांच्या मागावर बसून बघितलं, दोनदा धागा तुटला. झोप फार येते आणि लागत नाही.

साहेबांना तोंडी सांगायला बेळगावला गेलो होतो. अर्धं ऐकून म्हणाले, "दाखला गेला पुण्याला. आता रडगाणं कशाला? जोंधळा बघितलात का?"

१० ऑक्टोबर, शिगी पौर्णिमा

सुट्टी संपली, परवा पुन्हा चावडीत आलो. आज दोन गोष्टी झाल्या.

सकाळी टपाल. मी कायम झालो. त्याच पाकिटात दुसरा कागद: आपल्या दाखल्याच्या आधारे पुढील ऑगस्टात दहा कुरणांवर फवारणी योजली असून निशाणांची व्यवस्था आपणाकडे राहील. रुक्माला कळलं असतं तर तिनं साखर वाटली असती. मी पाकीट खिशात घातलं.

दुपारी आण्णाप्पांच्या शेतात चरग. जोंधळा खरंच बघण्यासारखा आहे, माणूस बुडेल एवढा. सगळं गाव जेवायला आलं होतं. भात, पुरणाचे कडबू, पाच भाज्या एका टोपलीत कालवून भूमीला आणि पाखरांना द्यायच्या, मग आपण जेवायचं. आण्णाप्पांनी टोपली माझ्यापुढं धरली. "पयली मूठ तुमची. तुमच्यामुळं ह्यो जोंधळा हाय." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते म्हणत होते ते खरं होतं. दोन वर्षांनी त्या घरात पोटभर दाणा आला.

मी म्हटलं, तम्मण्णा वडीलधारा आहे, त्याला मान द्या. टोपली त्याच्याकडं गेली. तम्मण्णानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नगो. माज्या हातचं आता कोन खानार?"

लोकांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. सगळे हसले. टोपली पुन्हा माझ्याकडं आली. माझा हात पुढं गेला आणि तिथंच थरथरत राहिला. शेवटी बायाक्कानं टोपली ओढून घेतली आणि "हुल्लुलिगो, हुल्लुलिगो" अशी चरगाची कानडी हाळी देत एकटी जोंधळ्यात शिरली. आम्ही दोघं बांधावर बसून जेवलो. जेवण चांगलं होतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

पत्र लिहून झालं. सरळ पुण्याला, वरच्या साहेबांना. दाखला मागं घेतो. सहीच्या दिवशी अपाय दिसला नव्हता, सहीनंतर पाचव्या दिवशी दिसला. निशाणं मी आत घेतली होती, तोही गुन्हा कबूल आहे. पण त्यामुळंच एक गोष्ट समजली. जिथं भुकटी पडली नाही तिथली पाखरंसुद्धा मेली, कारण भुकटी नाकतोड्यांच्या अंगावर बसून तिथं गेली. यंदा डब्यात बसून गेली, पुढल्या वर्षी नाकतोड्यांच्या पायांनी जाईल. दहा कुरणांत निशाणं कुठंही लावा, ती भुकटीला अडवणार नाहीत.

साहेब म्हणतील, विमानानं मारलं नाही, तुम्ही मारलंत. पत्रात तेही लिहिलं आहे.

नोकरी राहणार नाही हे उघड आहे. सोळा वर्षांनी मिळालेली तीन दिवस टिकली. रुक्माला चिठ्ठी पाठवली आहे, की मागाला तेल घालून ठेव.

पुराव्याला काय जोडावं सुचेना. आकडे सगळे नाकतोड्यांचे. पाखरांचे आकडे एकाच माणसानं ठेवले होते, म्हणून तम्मण्णाकडं गेलो आणि दोरी मागितली. त्यानं ती कमरेची सोडली, मांडीवर पसरली. चौदा गाठी, मग चार बोटं जागा. पुढं कुठं तेरा, कुठं बारा, चिंधी, दहा, शेवटी चार. त्यापुढं नुसती दोरी.

मी म्हटलं, "पुण्यातला कारकून हिच्यानं फाईल बांधेल, तम्मण्णा. परत मिळायची नाही."

"मिळू दे न्हाय तर ऱ्हाऊ दे. पर सगळी न्हाय देनार."

त्यानं विळा घेतला आणि शेवटच्या गाठीनंतर दोरी कापली. गाठींचा तुकडा माझ्या हातात दिला. रिकामा तुकडा पुन्हा कमरेला बांधला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"पुढल्या साली आलं एकांदं कुठनं, तर मोजाय लागंल की."

गाठींचा तुकडा पत्रासोबत घालून मी पाकीट बंद केलं. निपाणीची मोटार साडेचारला आहे, चिखल अजून वाळलेला नाही.